खांबाचे नाव आणि खांबाचे रूप : मार्कंडा येथील मंदिरांच्या निमित्ताने

१

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा हे क्षेत्र आहे. नदी येथे उत्तरेकडे वळते. त्यामुळे या स्थानाला विशेष पावित्र्य प्राप्त झाले असून ‘विदर्भाची काशी’ या नावाने ते ओळखले जाते. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. सुमारे १९६ फूट लांब व ११८ फूट रुंद अशा आवारात लहानमोठ्या मंदिरांचा समूह उभा असून त्यांत मार्कंडऋषीचे मंदिर सर्वांत मोठे आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ व १८७४-७५ या वर्षांतील मध्य प्रांताच्या प्रवासवृत्तात या मंदिरांचे वर्णन केले आणि शिल्पसमृद्धीच्या दृष्टीने त्यांची तुलना खजुराहोशी केली. तेव्हापासून ही तुलना रूढ झाली आहे. सामान्यतः या मंदिरांचा काळ दहावे ते बारावे शतक असा धरला जातो.

यात्रेकरूने अथवा विद्यार्थ्याने ‘हे खांब कोणत्या पद्धतीचे?’ असा प्रश्न केल्यास त्याला बहुधा एकच उत्तर मिळते : ‘हेमाडपंती.’ हेच उत्तर भद्रावतीला मिळते, नाशिककडे मिळते आणि मराठवाड्यातील कोणत्याही पडक्या देवळापाशी मिळते. याउलट ग्रीक मंदिराचा एखादा खांब दाखविला असता तो डोरिक आहे, आयोनिक आहे की कोरिंथियन आहे हे थोड्याशा सरावाने कोणालाही सांगता येते. दोन्हीकडे खांबाला नाव आहे. परंतु एका नावाने खांब ओळखता येतो आणि दुसऱ्याने तो ओळखता येत नाही. हा भेद कशामुळे पडतो, आणि मार्कंड्यासारख्या स्थळी त्याचे परिणाम काय होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

ग्रीक स्तंभप्रकारांची लक्षणे थोडक्यात अशी आहेत. डोरिक स्तंभाला स्वतंत्र बैठक नसते. तो चौथऱ्यावर थेट उभा राहतो. त्याच्या अंगावर उभ्या पन्हळी कोरलेल्या असतात आणि माथ्यावर एक पसरट गादी व तिच्यावर चौकोनी फळी, एवढाच साज असतो. आयोनिक स्तंभ अधिक सडपातळ असून त्याला वर्तुळाकार थरांची बैठक असते, आणि शीर्षाच्या दोन्ही बाजूंना कुंडलासारखी वेटोळी असतात. कोरिंथियन स्तंभाचे शीर्ष उलट्या घंटेच्या आकाराचे असून त्यावर अकँथस या वनस्पतीच्या पानांचे थर असतात. अथेन्सचे पार्थेनॉन (इ. स. पू. ४४७–४३२) हे डोरिक पद्धतीचे सर्वश्रुत उदाहरण होय. दर्शनी बाजूस आठ व लांबीच्या बाजूस सतरा स्तंभ अशी त्याची रचना आहे. त्याच टेकडीवरील इरेक्थिऑन हे मंदिर आयोनिक पद्धतीचे आहे. कोरिंथियन शीर्षाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने उदाहरण बासी येथील अपोलोच्या मंदिरातील असून ते इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीचे आहे.

ही नावे भाषाभ्यासकाच्या परिचयाची आहेत. डोरिक व आयोनिक ही प्राचीन ग्रीक भाषेच्या दोन प्रमुख बोलीसमूहांचीही नावे होत. पेलोपोनिससचा मोठा भाग, क्रीट आणि सिसिलीतील अनेक वसाहती येथे डोरिक बोली प्रचारात होत्या. आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि ईजियन बेटांपैकी अनेकांवर आयोनिक बोली होती. यावरून डोरिक खांब डोरिक बोलणाऱ्यांचा आणि आयोनिक खांब आयोनिक बोलणाऱ्यांचा, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. परंतु अथेन्सची अ‍ॅटिक बोली आयोनिकला जवळची होती आणि त्याच अथेन्सने आपले सर्वश्रेष्ठ मंदिर डोरिक स्तंभांचे बांधले. इतकेच नव्हे, तर पार्थेनॉनच्या गाभाऱ्याच्या भिंतीवर जो सलग शिल्पपट्ट आहे तो आयोनिक परंपरेतील आहे. तेव्हा वंश, बोली आणि खांब यांची सांगड नावावरून घालता येत नाही.

मग ही नावे आली कोठून? इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन वास्तुविद व्हिट्रूव्हिअस याने याविषयी एक कथा दिली आहे. हेलेनचा पुत्र डोरस याने हीरा देवतेचे मंदिर बांधले, ते योगायोगाने या पद्धतीचे झाले, आणि त्यावरून डोरिक हे नाव पडले, असे तो सांगतो. ही उघडच नामसाधक कथा आहे. अगोदर नाव रूढ होते आणि त्याचा उगम सांगण्यासाठी पुढे एक पूर्वज कल्पिला जातो. परंतु व्हिट्रूव्हिअस एवढ्यावर थांबला नाही. त्याने प्रत्येक प्रकाराची प्रमाणे दिली. पुरुषाच्या पावलाची लांबी त्याच्या उंचीच्या एकषष्ठांश असते, म्हणून डोरिक स्तंभाची उंची बुंध्याच्या व्यासाच्या सहापट ठेवली गेली. स्त्रीदेहाच्या प्रमाणावरून आयोनिक स्तंभाची उंची आठपट ठेवली गेली. पुढील पिढ्यांनी ही प्रमाणे अनुक्रमे सातपट व नऊपट केली, असे त्याचे विवेचन आहे. ही प्रमाणे प्रत्येक ठिकाणी खरी ठरत नाहीत. पार्थेनॉनचे स्तंभ बुंध्याच्या व्यासाच्या साडेपाचपटीहून किंचित कमीच उंच आहेत. तथापि प्रमाण दिले गेले म्हणूनच ते तपासता आले आणि त्यातील फरक हा अभ्यासाचा विषय झाला. प्रबोधनकाळात सर्लिओने १५३७ मध्ये पाच स्तंभप्रकारांची पद्धतशीर मांडणी केली तेव्हा ही लक्षणे अधिक काटेकोर झाली. डोरसची कथा आज कोणी खरी मानीत नाही, परंतु ‘डोरिक’ हा शब्द उपयुक्त राहिला आहे. कारण कथेच्या जोडीला लक्षण होते.

३

‘आयोनिक’ या शब्दाचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. आयोनियन लोकांचे जुने ग्रीक नाव इराणी भाषेत ‘यौन’ असे झाले आणि भारतीय भाषांत संस्कृतात ‘यवन’ व प्राकृतात ‘योन’ या रूपांनी रुळले. म्हणजे ‘यवन’ आणि ‘आयोनिक’ हे एकाच मूळ नावाचे दोन वंशज होत. कार्ले येथील चैत्यगृहातील अनेक स्तंभांवर दात्यांचे लेख कोरलेले असून त्यांत धेनुकाकट येथील यवनांचा वारंवार उल्लेख येतो. परंतु यवनांनी दान दिलेले हे खांब ‘आयोनिक’ आहेत काय? मुळीच नाहीत. पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर घट, त्यावर अष्टकोनी दंड, त्यावर उलट्या कमळासारखे किंवा घंटेसारखे शीर्ष, आणि त्यावर हत्तींवर आरूढ झालेली युगुले, अशी त्यांची रचना पूर्णतया भारतीय आहे.

विदिशेजवळील बेसनगरचा गरुडस्तंभ हे याहून बोलके उदाहरण होय. तक्षशिलेचा राजा अंतियाल्किदस याचा दूत हेलिओदोरस याने तो इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात वासुदेवाच्या सन्मानार्थ उभारला. हा दूत आपल्या लेखात स्वतःला यवनदूत व भागवत म्हणवितो. त्याने उभारलेल्या स्तंभाला ग्रीक पन्हळी नाहीत आणि कुंडलेही नाहीत. त्याचा दंड खाली अष्टकोनी, त्यावर षोडशकोनी, त्यावर बत्तीस पैलूंचा आणि शेवटी वर्तुळाकार होत जातो. दाता कोणत्या वंशाचा, यावरून खांबाचे रूप ठरले नाही. ते ठरले कारागिरांच्या परंपरेवरून.

आठ, सोळा, बत्तीस आणि वर्तुळ हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बेसनगरच्या स्तंभानंतर सुमारे सात शतकांनी वराहमिहिराने बृहत्संहितेत स्तंभांची जी नावे दिली ती नेमकी याच क्रमाची आहेत. चौकोनी तो रुचक, अष्टकोनी तो वज्र, सोळा पैलूंचा द्विवज्र, बत्तीस पैलूंचा प्रलीनक आणि वर्तुळाकार तो वृत्त. स्तंभाचे नऊ भाग कल्पून त्यांपैकी एकेक भाग वहन, घट, पद्म व उत्तरोष्ठ यांना द्यावा, असेही त्याने सांगितले आहे. या नामावलीत राजा नाही, वंश नाही, प्रदेश नाही. पैलू मोजावेत आणि नाव उच्चारावे, इतकी ती स्वच्छ आहे. ‘भारतीय परंपरेत स्तंभाचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण नव्हते’ हा समज त्यामुळे टिकत नाही. वर्गीकरण होते, मराठीत ते मागे पडले आणि त्याची जागा दुसऱ्या शब्दाने घेतली.

४

वराहमिहिराच्या नावांमागे शिल्पकाराच्या हाताची क्रिया आहे. दगडाचा चौकोनी ठोकळा घेऊन त्याचे चार कोन छाटले की अष्टकोन होतो. अष्टकोनाचे कोन छाटले की षोडशकोन. आणि हीच क्रिया पुढे चालविली की वर्तुळ जवळ येते. मध्ययुगीन मंडपाचा खांब खाली चौकोनी असून वर जाता जाता अष्टकोनी, षोडशकोनी व वर्तुळाकार होतो तेव्हा या क्रियेच्या पायऱ्या एकाच खांबावर वाचता येतात. विशेष म्हणजे त्याच मंडपाचे छतही याच रीतीने घडते. चार तुळयांच्या चौकटीवर कोपऱ्यांत तिरपे दगड ठेवले की चौकोनाचा अष्टकोन होतो, आणि पुढील थर आत सरकवीत नेले की वर्तुळाकार वितान तयार होते. खालून वर पाहणाऱ्याला खांबात आणि छतात एकच भूमिती दिसते.

ग्रीक स्तंभशीर्ष व भारतीय स्तंभशीर्ष यांतील भेदाचे कारणही रचनेत शोधावे लागते. दोन्ही परंपरा मुख्यतः खांब आणि तुळई यांच्या आहेत. कमानीवर त्यांची भिस्त नाही. परंतु ग्रीक मंदिराचे मुख्य स्तंभ गाभाऱ्याच्या बाहेर ओळीने उभे असतात, आणि ओळीतल्या खांबावर तुळई डावी-उजवीकडून येते. आयोनिक शीर्षाला दोन तोंडे व दोन कडा असतात त्या या ओळीत शोभतात. मात्र मंदिराच्या कोपऱ्यावर ओळ वळते तेव्हा अडचण येते, आणि तेथील शीर्षाचे बाहेरचे कुंडल तिरपे वळवून घ्यावे लागते. कोरिंथियन शीर्ष चारी बाजूंनी सारखे दिसत असल्यामुळे ती अडचण त्याला नाही.

भारतीय मंडपात खांब आत असतात आणि मधल्या खांबावर तुळया चारी दिशांनी येऊन मिळतात. म्हणून त्याच्या माथ्यावर चार बाहू असलेला हस्त बसवावा लागतो. हा हस्त तुळईला खालून पेलतो आणि दोन खांबांमधील मोकळे अंतर कमी करतो. दगडाची तुळई लांब झाली की मधोमध तडकते, हे लक्षात घेता या बाहूंचे महत्त्व कळते. याच बाहूंवर भार पेलणारे बुटके यक्ष, ज्यांना कीचक म्हणतात, कोरलेले असतात. त्यांना केवळ अलंकार समजणे बरोबर नाही. भार कोठून कोठे उतरतो हे त्यांच्या जागेवरून कळते. शिल्पग्रंथांच्या परंपरेतील कुंभी, स्तंभ, भरणी, शीर्ष आणि पट्ट ही नावेही असेच सांगतात. ‘भरणी’ या शब्दात ‘भृ’ म्हणजे धारण करणे हा धातू आहे, तर वराहमिहिराच्या ‘वहन’ या शब्दात ‘वह्’ आहे.

दोन्ही परंपरांच्या मागे लाकूड आहे, ही गोष्ट सागवानाच्या या प्रदेशात विशेष रीतीने पटते. आलापल्लीच्या जंगलाचा साग प्रसिद्ध आहे. सागाचा खांब जमिनीत पुरला तर त्याला ओल व वाळवी लागते. म्हणून तो दगडी तळखड्यावर उभा करावयाचा ही घरबांधणीची जुनी रीत. कार्ल्याच्या स्तंभाखालील घट हा लाकडी खांब घटात उभा करण्याच्या रीतीची दगडातील आठवण असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच चैत्यगृहाच्या छताला प्राचीन लाकडी फासळ्या अद्याप आहेत. ग्रीसमध्ये ऑलिंपिया येथील हीरेच्या मंदिराचे स्तंभ मुळात लाकडी होते आणि ते एकेक करून दगडाचे केले गेले. इ. स. दुसऱ्या शतकात पॉसानिअस हा प्रवासी तेथे गेला तेव्हा मागील दालनात ओक वृक्षाचा एक खांब अजून उभा होता. बदल निरनिराळ्या काळी झाल्यामुळे तेथील डोरिक शीर्षे एकासारखी एक नाहीत. एकाच मंदिराच्या खांबांत अनेक पिढ्यांचा इतिहास साठलेला असू शकतो, हे त्यावरून दिसते.

चंद्रपूर जिल्ह्यात खांब-तुळई पद्धतीचा एक निराळा नमुना भद्रावतीस आहे. तेथील दोलारा तलावातील बेटाकडे जाणारा प्राचीन पूल दगडी खांबांच्या दोन रांगांवर जाड तुळया टाकून बांधलेला आहे. येथे खांबाला सजावटीचे काम नाही. भार पेलणे एवढेच काम आहे. याच गावाजवळच्या विजासन लेण्यांत स्थिती अगदी उलट आहे. तेथे खडकच छत धरून ठेवतो; लेणे कोरून काढावयाचे असते, रचावयाचे नसते. पूल, लेणे आणि मंदिर ही तिन्ही पाहिली असता खांबाचे काम आणि खांबाचे रूप यांचा संबंध विद्यार्थ्याच्या ध्यानी येतो.

५

आता ‘हेमाडपंती’ या शब्दाकडे वळावयास हरकत नाही. हेमाद्री अथवा हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप होता. महादेव (१२६१–१२७१) व रामचंद्र (१२७१–१३११) यांच्या काळी तो अधिकारपदावर होता आणि ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा धर्मशास्त्रविषयक ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्याने मंदिरे बांधविली नसतील असे नाही. परंतु अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलाहारकालीन लेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. आणि लोक त्या मंदिरालाही सर्रास हेमाडपंतीच म्हणतात. हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे मंदिर त्याच्या नावाचे होऊ शकत नाही. मार्कंड्याचा वर दिलेला काळ ग्राह्य धरला तर तेथेही हीच आपत्ती येते. हेन्री कझेन्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात या लोकप्रिय नावाची चिकित्सा केलेलीच आहे. चुन्यावाचून रचलेले दगडी बांधकाम एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ उरतो, आणि अशी रचना हेमाद्रीच्या कितीतरी आधीपासून होत आली होती.

भाषेच्या इतिहासात असा प्रकार नवा नाही. मोडी लिपीचे जनकत्वही परंपरेने याच हेमाडपंताकडे दिले असून त्याने ती लंकेहून आणली अशी आख्यायिका आहे. लिपी शतकानुशतके अनेक लेखनिकांच्या हातून घडते. बांधणीची रीत अनेक पाथरवटांच्या हातून घडते. लोकस्मृती मात्र अनेक हातांच्या जागी एक थोर नाव बसविते. व्हिट्रूव्हिअसचा डोरस आणि महाराष्ट्राचा हेमाडपंत हे या बाबतीत समानधर्मी आहेत. डोरस कल्पित आणि हेमाद्री ऐतिहासिक, एवढाच फरक. लोकांच्या बोलण्यातील ‘हेमाडपंती’ हा शब्द म्हणूनच हास्यास्पद मानण्याचे कारण नाही. जुन्या दगडी देवळाविषयीचा आदर त्यात साठलेला आहे. आक्षेप आहे तो अभ्यासकाने तोच शब्द लक्षण म्हणून वापरण्याला. ‘डोरिक’ म्हटले की बैठक नाही, शीर्ष साधे, असे तपासण्याजोगे काही सांगितले जाते. ‘हेमाडपंती’ म्हटले की खांब चौकोनी की अष्टकोनी, हस्ताला बाहू किती, घट आहे की नाही, यांपैकी काहीच सांगितले जात नाही.

६

मार्कंड्याला हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. मुख्य मंदिरावर वीज पडून शिखराचा वरचा भाग महामंडपावर कोसळला आणि पुढे गोंड राजवटीत त्याची डागडुजी झाली, असा वृत्तांत जिल्ह्याच्या इतिहासात नोंदलेला आहे. म्हणजे ऑलिंपियाप्रमाणेच येथेही एकाच वास्तूत मूळचे काम आणि नंतरचा आधार एकत्र नांदत आले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अलीकडच्या वर्षांत या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. अशा कामात प्रत्येक दगडाची नोंद करावी लागते. तो कुंभीचा की भरणीचा, मधल्या खांबावरील चार बाहूंच्या हस्ताचा की भिंतीलगतच्या अर्धस्तंभाचा, हे ठरवावे लागते. दगडाला योग्य नाव मिळाले तर त्याची जागा सापडण्याची शक्यता वाढते. ‘हेमाडपंती खांबाचा तुकडा’ अशी नोंद झाली तर तो तुकडा आवाराच्या कडेला पडून राहण्याचीच शक्यता अधिक. गोंड राजवटीतील डागडुजीलाही या दृष्टीने स्वतंत्र स्थान द्यावयास हवे. ती ओबडधोबड म्हणून बाजूला टाकण्याची वस्तू नव्हे. या मंदिराला पडू न देणाऱ्या हातांचा तो पुरावा होय.

मराठीत यासाठी लागणारे शब्द नाहीत अशी तक्रार होण्याचे कारण नाही. तळखडा, हस्त, तुळई हे सुताराच्या व गवंड्याच्या तोंडचे शब्द आहेत; कुंभी, भरणी, वज्र, वृत्त हे ग्रंथांतील शब्द आहेत. दोहोंची सांगड घालणे एवढेच काम उरते. ‘खांब’ हा शब्दही पुरेसा बोलका आहे. संस्कृतात आधार या अर्थी ‘स्कंभ’ व ‘स्तंभ’ असे दोन जवळचे शब्द होते. पहिल्यापासून प्राकृत ‘खंभ’ व त्यावरून मराठी ‘खांब’ आला; दुसऱ्याच्या कुळातून ‘थंभ’ व त्यावरून ‘थांबणे’ हे क्रियापद आले. एक शब्द भार धरणारा राहिला आणि दुसरा गती धरणारा झाला.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मंदिरांची पाहणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक खांबाविषयी निदान पाच गोष्टी टिपाव्यात : बैठक स्वतंत्र आहे की दंडाशी एकसंध, दंडाला किती पैलू आहेत व ते कोणत्या उंचीवर बदलतात, घट किंवा पर्णयुक्त घटपल्लव आहे काय व कोठे, हस्ताला किती बाहू आहेत व त्यांवर काय कोरले आहे, आणि खांब मूळ रचनेतला आहे की नंतरच्या आधाराचा. याला उंचीचे व रुंदीचे माप जोडावे. अशा नोंदी मार्कंडा, भद्रावती व आसपासची लहान देवळे येथून जमत गेल्या म्हणजे या भागाचे स्तंभप्रकार कोणते, हे सांगता येईल. त्यांना पुढे कोणते नाव द्यावयाचे, हे त्यानंतर ठरवावे.